लमजुङची दिदी आणि स्वास्थ्य चौकी

मी परिचारिका आहे. सांगलीकडच्या एका प्रसूतिगृहात पंचवीसेक वर्षं लेबर रूममध्ये काढली. तरीही नेपाळमध्ये आरोग्याच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून राहिले, त्या काळात मी कुणाला एक इंजेक्शन दिलं नाही की एक बाळंतपण स्वतःच्या हाताने केलं नाही. परत आल्यावर ओळखीच्या सिस्टरांना हे सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मग एवढ्या लांब जाऊन केलंस तरी काय?" उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कोविड ओसरल्यावर मी नोकरी सोडली. लेक कमावती झाली होती, घरचं फारसं काही अडत नव्हतं. जिथे माणसं कमी आहेत तिथे जाऊन काही महिने काम करावं, असं बरेच दिवस मनात होतं. चौकशी सुरू केली तेव्हा आधी भेटली ती पैसे घेऊन स्वयंसेवक पाठवणारी एक कंपनी. त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं की परदेशातल्या ग्रामीण दवाखान्यात 'प्रत्यक्ष प्रसूती करण्याची संधी' मिळेल, विद्यार्थ्यांनाही. मी फोनवर विचारलं, देखरेख कोण करणार? तिथल्या कायद्याने परवानगी आहे का? बाई घाबरली, तिला भाषा समजत नसली, तर तिची संमती कोण घेणार? समोरून फक्त फीचे हप्ते समजावून सांगत होते. मी फोन ठेवला. जे काम आपल्या गावात शिकाऊ मुलीला एकटीने करू देणार नाही, ते दुसऱ्या देशातल्या गरीब बाईवर करायला द्यायचं, हे मला आजही सहन होत नाही.

शेवटी वाट निघाली ती पूर्वी आमच्याबरोबर काम केलेल्या एका नेपाळी सिस्टरकडून. तिच्या ओळखीची एक छोटी संस्था लमजुङ जिल्ह्यात काम करत होती. त्यांनी पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहिलं, परदेशी परिचारिकेला नेपाळमध्ये रुग्णांवर उपचार करायचे असतील तर नेपाळ नर्सिंग काउन्सिलची नोंदणी लागते. थोड्या मुदतीसाठी तुम्ही येणार, नोंदणी करणार नसाल, तर स्वास्थ्य चौकीतल्या, म्हणजे गावच्या लहान सरकारी दवाखान्यातल्या, कर्मचाऱ्यांच्या हाताखाली राहायचं, उपचार त्यांनीच करायचे. माझं काम ठरलं ते असं: नोंदवह्यांना मदत, आमा समूहाच्या म्हणजे गावातल्या आयांच्या गटाच्या बैठका, प्रसूतीच्या खोलीची मांडामांड आणि बाहुलीवर नवजात बाळाला श्वास देण्याचा सराव. पत्र वाचून मला हायसं वाटलं. एवढ्या काटेकोरपणे लिहिणारी माणसं कामही तसंच करत असणार, असा माझा होरा होता आणि तो खरा निघाला.

कागदपत्रांचं म्हणाल तर आपल्याला व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारापासून दोन्हीकडची माणसं मोकळी ये-जा करतात. ओळख म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. मी रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची हद्द ओलांडून भैरहवा, मग डुम्रेपर्यंत बस, तिथून बेसीसहर आणि पुढे जीप अशी गेले. त्या वेळी शंभराच्या वरच्या भारतीय नोटा तिकडे चालत नव्हत्या. हद्दीवर पैसे बदलून घेतले, आपल्या शंभराला त्यांचे एकशे साठ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. बेसीसहर सोडलं की मर्स्याङ्दी नदी खाली खोल जात राहते आणि रस्त्याचं रूपांतर दगडांत होतं.

माझी सोय केली होती एका गुरुङ कुटुंबात. घराच्या दाराशी एक पाटी होती, त्यावर 'महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका' असं लिहिलेलं. लिपी आपलीच, त्यामुळे पहिल्याच क्षणी कळलं की ज्या बाईच्या घरी मी राहणार ती स्वतःच या कामातली आहे. वयाने माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला दिदी म्हणायला लागले आणि तिने मला बहिनी. तिचे यजमान भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणीतून निवृत्त झालेले. दिदीचा नवरा म्हणून ते माझे भिनाजु. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात त्यांच्या पायावर कधीकाळी उपचार झाले होते, तेव्हाचे 'बसा', 'जेवण झालं का' एवढे शब्द त्यांनी जपून ठेवले होते. पेन्शनच्या कामाला ते पोखऱ्याला भारतीय दूतावासाच्या पेन्शन कार्यालयात जात. धाकटा मुलगा कतारला. घरात सून आणि तिची शाळकरी मुलगी.

नेपाळने ही स्वयंसेविकांची योजना १९८८ मध्ये सुरू केली. देशभरात आज अशा पन्नास हजारांच्या आसपास बायका आहेत. पगार नाही. वर्षाकाठी कपड्यांसाठी काही रक्कम, प्रशिक्षणाचा आणि मोहिमेच्या दिवसांचा भत्ता, बस. आपल्या आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो, तोही पुरत नाही म्हणून त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. दिदीला तेवढाही नव्हता. पहाटे म्हशीचं गवत कापून आणायचं, चुलीवर ढिंडो म्हणजे पिठाचा घट्ट लगदा घोटायचा, कोदो म्हणजे आपली नाचणी कापायला शेतात जायचं आणि मधल्या वेळात गावाचं आरोग्य सांभाळायचं. तिच्या पिशवीत जीवनजलची पाकिटं असत, म्हणजे तिकडचं ओआरएस. जुलाबासाठी झिंकच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, पाळणा लांबवायच्या गोळ्या, निरोध. आठवा महिना लागलेल्या बाईसाठी नाभी मलमाची छोटी नळी.

त्या नळीबद्दल थोडं सांगते, कारण मला तिचं फार अप्रूप वाटलं. नेपाळात नाळ कापल्यावर तिच्यावर तेल, हळद, कुठे कुठे राख लावायची रीत होती. आपल्याकडेही खेड्यांत हेच चालायचं. 'काही लावू नका' असं सांगून बायका ऐकत नाहीत, हे मी माझ्या नोकरीत शेकडो वेळा पाहिलं आहे. नेपाळने दुसरा मार्ग काढला: लावायचंच आहे ना, मग हे लावा. सर्लाही जिल्ह्यात या मलमातल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि पुढे सरकारने हे मलम देशभर नेलं. दिदी गरोदर बाईला नळी देताना सासूलाही शेजारी बसवायची, कारण बाळाच्या बेंबीवर हात फिरणार तो सासूचा. नळीचं झाकण उघडून ती सासूच्याच बोटावर थेंबभर मलम देई आणि कसं पसरायचं ते करून घेई.

चौकी घरापासून अर्ध्या तासाच्या चढावर. एक हेल्थ असिस्टंट, एक अहेब म्हणजे सहाय्यक आरोग्य कर्मचारी, आणि अनमी म्हणजे आपल्याकडची एएनएम, सहाय्यक परिचारिका-प्रसाविका. ही अनमी तिशीच्या आतली, दक्ष प्रसूतिकर्मीचं प्रशिक्षण घेतलेली, आणि कामाला चोख. प्रसूतीची खोली लहान पण नीट. २०१५ च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेली इमारत, भिंतीवर नेपाळीत मोठ्या अक्षरांतले तक्ते. दुपारी रुग्ण कमी झाले की आम्ही दोघी बाहुली घेऊन बसायचो. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात श्वास सुरू झाला पाहिजे. मास्क हनुवटीवर आणि नाकावर घट्ट बसतो का, मान जास्त मागे तर जात नाही ना, पिशवी दाबल्यावर छाती उचलते का. हे हात महिनोन्महिने वापरले नाहीत तर विसरतात. लहान चौकीत महिन्याला दोन-तीन बाळंतपणं, त्यात न रडणारं बाळ क्वचितच येणार. म्हणून सरावाला महत्त्व. मी एकदा करायची, मग ती. मास्कच्या कडेने हवा सुटली की एकमेकींना सांगायचं. माझ्या जाण्याचा चौकीला सगळ्यात जास्त उपयोग झाला असेल तर तो या दुपारींचा.

पण खरं शिक्षण घरी झालं. चौकीच्या नोंदवहीत जे येतं आणि गावात जे असतं त्यात किती अंतर आहे, हे दिदीच्या चुलीजवळ बसल्यावर कळलं. अंधार पडला की बायका यायच्या. निमित्त मीठ मागायचं, नाहीतर रक्सी म्हणजे घरची दारू द्यायचं. थोडा वेळ इकडचं तिकडचं, मग आवाज खाली येई. कुणाला पाळणा थांबवायचा असे आणि परदेशातून सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला सांगायचं नसे. कुणाला पांढरं जात असे. म्हाताऱ्या बायका तर नेपाळीही नीट बोलत नसत, त्यांचं सगळं गुरुङ भाषेत. माझी तोडकीमोडकी नेपाळी तिथे उपयोगाची नव्हती. दिदी मला नंतर समजावून सांगे, तेसुद्धा त्या बाईला विचारूनच.

त्यात एक साठीच्या आसपासची बाई होती. डोको म्हणजे टोपली पाठीवर आणि तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घेऊन ती रोज ओझी वाही. बसताना एका बाजूला वजन टाकून बसे. दिदीच्या नजरेतून ते सुटलं नाही. दोन-तीन संध्याकाळी गेल्यावर बाई बोलली: तिसऱ्या बाळंतपणानंतर आठवड्यात भाताच्या खाचरात उतरली होती, तेव्हापासून 'आङ' बाहेर येतं. म्हणजे गर्भाशय. एवढी वर्षं ती लुगड्याची घडी लावून काम करत होती. नेपाळच्या डोंगरात हे दुखणं इतकं पसरलेलं आहे की २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रजनन आरोग्याच्या हक्काचं उल्लंघन मानलं आणि सरकारला मोफत सेवा देण्याचा आदेश दिला. पण न्यायालयाचा आदेश आणि ही बाई यांच्यामध्ये एक चढ होता, आणि लाज होती. दिदी तिला गर्दी नसलेल्या वेळी चौकीत घेऊन गेली. अनमीने तपासून गर्भाशयाला आधार देणारी रिंग बसवली. मी दाराबाहेर बसून राहिले, कारण बाईला आत जास्त माणसं नको होती. बाहेर आल्यावर ती सरळ चालत गेली आणि दिदीला वाटेत म्हणाली, हे आधीच का नाही सांगितलंस.

कार्तिकात अ जीवनसत्त्वाची मोहीम असते, वर्षातून दोनदा, दुसरी वैशाखात. आपल्याकडे हे औषध बाटलीतून चमच्याने पाजतात. तिकडे कॅप्सूल. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला निळी, एक ते पाच वर्षांच्या पोराला लाल. दिदीने चौतारीवर, पिंपळाच्या पारावर बैठक मांडली. मूल आईच्या मांडीत, आईने गाल हलके दाबायचे, दिदी कात्रीने कॅप्सूलचं टोक कापे आणि थेंब जिभेवर पिळे. रिकामं टरफल बाजूच्या डब्यात. मोठ्या पोरांना जंताची गोळी. माझ्याकडे वही. यादीतली दोन मुलं आली नाहीत, तर संध्याकाळी दिदी टॉर्च घेऊन वरच्या वाडीपर्यंत गेली. मीही गेले. तिथल्या आजीने आम्हाला गुन्द्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं, गरम पाणी आणि टिमुर वाटलेली चटणी दिली. टिमुर म्हणजे आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊ, जीभ तशीच झिणझिणते.

आता दशैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या, दिवसांतली गोष्ट. दशैंला नेपाळात सगळं थांबतं. जीपवाले घरी, दुकानं बंद, चौकीत फक्त अनमी. टीकेच्या, म्हणजे वडीलधाऱ्यांकडून कपाळी टिळा लावून घ्यायच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दिदी आणि मी एका घरी गेलो होतो. नववा महिना लागत आलेली सून, नवरा मलेशियात. दिदीने तिच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा सुजलेला दिसला. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे येतात, असं पोर म्हणाली. सासूचं म्हणणं, उद्या टीका होऊ दे, मग बघू. दिदी तिथेच बसून राहिली. गुरुङ भाषेत ती काय बोलली ते मला कळलं नाही, आवाज मात्र एकदाही चढला नाही. मग तिने नवऱ्याला मलेशियात फोन लावून दिला. सासूने मान हलवली आणि आम्ही निघालो.

चौकीत रक्तदाब वरचा १७०, खालचा ११०, लघवीत प्रथिनं. प्री-एक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात झटके येण्याआधीची, सगळी लक्षणं. अशा वेळी माझे हात शिवशिवले. ही कामं मी झोपेतही करू शकते. पण खोली अनमीची होती, बाई तिच्या जबाबदारीतली होती, आणि तिला ते येत होतं. मी भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाचायला घेतला, तिने झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेट काढलं. ४ ग्रॅम शिरेतून, ५० टक्क्यांच्या ४ अँप्यूल म्हणजे ८ मिलि, त्यात १२ मिलि पाणी. मी घड्याळावर डोळा ठेवला, तिने पाच मिनिटांहून जास्त वेळ घेत सावकाश दिलं. मग दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, लिग्नोकेन मिसळून. एकूण १४ अँप्यूल. रिकामी काच मी ट्रेमध्ये ओळीने मांडत होते, मोजणी चुकू नये म्हणून. श्वास मिनिटाला १६ च्या खाली जात नाहीत ना, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, लघवी होते का, हे मी बघत होते आणि अनमीला सांगत होते. रक्तदाबाची गोळी तिने दिली, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी काढून ठेवलं, चिठ्ठी लिहिली.

जीपचं दिदीने बघितलं. आमा समूहाच्या बायका दर महिन्याला थोडे पैसे टाकतात, त्या पेटीतून तिने भाड्याचे पैसे काढले, वहीत लिहिलं, आणि टीकेच्या तयारीत असलेल्या ड्रायव्हरला घरातून उठवलं. भिनाजु त्याच्याबरोबर पुढे बसले. पोरीला डाव्या कुशीवर निजवून आम्ही बेसीसहरला पोचवलं, तिथून तिला पोखऱ्याला पाठवलं. सिझेरियन होऊन मुलगा झाला, दोघंही सुखरूप. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि दिदीने त्या घरी जाऊन सासूच्या हातून टीका लावून घेतली.

डोंगराळ जिल्ह्यात बाळंतपणासाठी आरोग्य संस्थेत आलेल्या बाईला सरकार प्रवासासाठी २,००० नेपाळी रुपये देतं, बाळंतपण मोफत. २००९ पासूनच्या आमा कार्यक्रमाचा हा भाग आहे. १९९६ च्या पाहणीत तिथे लाख जिवंत जन्मांमागे ५३९ माता दगावत होत्या, २०२१ च्या जनगणनेच्या आधारे काढलेला आकडा १५१ आहे. या घसरणीमागे रस्ते आहेत, शिक्षण आहे, मोफत सेवा आहे. मला त्यात दिदीचं त्या ओसरीवर बसून राहणंही दिसतं. ते पैसे बाई पोचल्यावर मिळतात. पोचायचं ठरवणं घरात होतं, आणि तिथे उपयोगी पडलं ते दिदीचं गावात असलेलं वजन, तिची भाषा, तिने याच सासूच्या लेकरांना पाजलेले लाल कॅप्सूलचे थेंब. माझ्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाला त्या ओसरीवर काही करता आलं नसतं.

घरात राहण्याबद्दल दोन गोष्टी. मी महिन्याचे पैसे थेट दिदीच्या हातात देत होते, संस्थेनेच तसं सुचवलं होतं. अन्यत्र काय चालतं ते विचारून घ्यावं, कारण फीमधला किती हिस्सा यजमान घरी आणि दवाखान्यात पोचतो हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. दुसरं, पाहुणी म्हणून राहू नये. सुरुवातीला सून मला भाजी चिरू देईना. मी कोदोच्या कापणीला गेले, कणसं खुडली, पाठ मोडून आली, तेव्हापासून स्वयंपाकघरात माझ्यासाठी पिढं ठेवलं जाऊ लागलं. त्याच सुमारास शेजारची एक सुत्केरी, म्हणजे बाळंतीण, ज्वानोचं कढण पीत होती. ज्वानो म्हणजे ओवा. मी म्हटलं, आमच्याकडेही बाळंतिणीला ओवा देतात, डिंकाचे आणि हळिवाचे लाडूही. त्यावर तासभर बायकांची चर्चा रंगली, आणि बाळंतिणीने पाणी कमी प्यावं ही समजूत चुकीची आहे हे सांगायला मला वाव मिळाला. तक्ता दाखवून ते कुणी ऐकलं नसतं.

निघायच्या आधी मी आणि अनमीने मिळून बाहुलीच्या सरावाची एक साधी वही तयार केली: तारीख, कोण, कुठे अडलं. शेजारच्या दोन चौक्यांतल्या अनमी महिन्यातून एकदा तिच्याकडे येऊन सराव करणार असं ठरलं, आणि ते अजून चालू आहे. वहीच्या पानाचा फोटो तिच्याकडून येत असतो, कधी एखादी शंका विचारलेली असते. बाहुलीच्या छातीचा रबर फाटला तेव्हा इथल्या मैत्रिणींनी पैसे जमवले आणि नवी पाठवली.

आमच्या भागातल्या नर्सिंग कॉलेजच्या काही मुली मध्यंतरी भेटायला आल्या. त्यांनाही जायचं आहे. मी त्यांना सांगितलं, आधी नोंदणी करा, दोन-तीन वर्षं इथे हात बसू द्या. जायचं ठरलं की संस्थेच्या ऑफिसात फोन करून थांबू नका, ज्या चौकीत जाणार तिथल्या सिस्टरशी बोला आणि तिला विचारा की तुला काय हवं आहे. एकीने तेवढ्यात लमजुङचा नंबर मागितला. मी अनमीला विचारून तो दिला. तिने सध्या मागितलं आहे ते रक्तदाबाचं यंत्र तपासून दुरुस्त करून देणारं कुणीतरी, आणि त्याची चौकशी आम्ही मिरजेत सुरू केली आहे.